दादाच्या होडीचं भोक आणि माझा बावीस वर्षांचा अनुभव

फायबरच्या होडीला भोक पडलं तर घाबरायचं काही कारण नसतं! कडा घासायच्या, काचेच्या धाग्यांची मॅट लावायची, वरून चिकट रेझिन फासायचं आणि वाळू द्यायचं. झालं! चार तासांचं काम. हे मी ऐकीव सांगत नाही. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं काढली आहेत मी!

तिथं मी नेमकं काय करतो, हे आमच्या गल्लीत आजवर कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायची मला सवय नाही. तुम्ही परके, म्हणून सांगतो. मी स्टोअरकीपर आहे. खिडकीतून मिस्त्री लोकांना डबे देतो आणि रजिस्टरात लिहितो. शक्यतो देत नाही. त्यामुळे कारखान्यात माझं नाव 'संपलंय' असं पडलंय. 'संपलंय आला का रे?' 'संपलंय जेवायला गेला.' पण घरी, गल्लीत, सासरी मी होड्यांमधला जाणकार. बावीस वर्षांत रेझिनचा एक थेंब माझ्या बोटाला लागलेला नव्हता, पण ते मला आणि त्या खिडकीलाच ठाऊक होतं. निदान माझा तसा समज होता.

तर शनिवारी दुपारी दादाची होडी पाण्याखालच्या लोखंडी खुंटाला धडकली आणि तळाला भोक पडलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकाच घरात राहतो आम्ही, वर तो, खाली मी. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायची, हा त्याचा धंदा, आणि होडी एकच. त्यात सोमवारी सकाळी नऊला सरकारी तपासनीस यायचे होते. होडी पास झाली तर वर्षभर फेरी दादाची. नाही झाली तर पलीकडच्या काठावरचा एक जाड्या दोन होड्या घेऊन टपूनच बसला होता.

अंगणात होडी पालथी घातली. दादा भोकाकडे बघत म्हणाला, "तुमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीला निरोप धाडावा म्हणतो."

"मिस्त्रीला? घरात मी असताना?"

दादा काही बोलला नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. माझ्या बायकोनं झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला घेतलं. एवढी शांतता! मला वाटलं, आदर आहे.

"बरं, कर बाबा," शेवटी दादा म्हणाला. "सोमवारी नऊला होडी पाण्यात हवी, एवढंच बघ."

खरं सांगू? होडीशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मला दादाला दाखवून द्यायचं होतं. लहानपणापासून घरात काही मोडलं की दुरुस्त करणार दादा, आणि शेजारी पाना धरून उभा राहणार मी. पन्नाशी आली तरी माझ्या हातात पानाच! एकदा तरी त्यानं माझ्या कामाकडे बघून "वा!" म्हणावं, असं फार वाटायचं मला. अजूनही वाटतं.

रविवारी सकाळी ग्राइंडर सुरू केला. भोक होतं वाटीएवढं. मॅट घट्ट बसावी म्हणून त्याच्या कडा उतरत्या घासाव्या लागतात, हे मी खिडकीतून ऐकलं होतं. कुठं थांबायचं, ते ऐकलं नव्हतं. साडेनऊला वाटीची ताटली झाली. दहाला ताट झालं.

दादा चहाचा कप घेऊन आला आणि कप तसाच हातात राहिला. "अरे, भोक बुजवायचंय की वाढवायचंय?"

"दादा, कामात मधे बोलू नकोस. हे तंत्र आहे."

तंत्राची पांढरी धूळ सगळ्या अंगणात उडत होती. आणि अंगणातच दोन्ही घरांचे कपडे दोरीवर वाळत होते! काचेची धूळ ती. अकराच्या सुमाराला घरातली सगळी मंडळी अंघोळ करून दोरीवरचे धुतलेले कपडे घालून बाहेर आली आणि पाच मिनिटांत खाजवायला लागली. दादा पाठ दाराच्या चौकटीला घासतोय, वहिनी मान खाजवतायत, बायको एका हातानं दुसरा हात खाजवतेय आणि दुसऱ्या हातानं मला मारायला बघतेय!

तेवढ्यात भिंतीवरून शेजारचे कंपाउंडर डोकावले. गेली तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधणारा माणूस. गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणते आणि तेही नको म्हणत नाहीत. ढोंगी माणूस!

"सगळ्यांना एकदम?" त्यांनी भुवया चढवल्या. "साधी खाज नव्हे ही. पसरणारी आहे."

"अहो, धूळ आहे ती," मी म्हणालो.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," असं म्हणून ते खाली गेले, आणि थेट गल्लीत फिरले. बारा वाजेपर्यंत दादाला तीन फोन आले. रोज होडीनं जाणाऱ्या शिक्षिका, पलीकडच्या दवाखान्यातली नर्स आणि एक दूधवाला. तिघांचा प्रश्न एकच, "तुमच्या घरात साथ आलीय म्हणे. उद्यापासून आम्ही दुसऱ्या होडीनं जावं का?"

दादानं फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं रेझिन काढायला गेलो.

कारखान्यातले उरलेसुरले डबे मी घरी आणून ठेवतो. दोन डबे होते, एक उघडलेला, एक सीलबंद. आधी उघडलेला घेतला. आता रेझिन वाळून टणक व्हावं म्हणून त्यात हार्डनर किती घालायचं? मला विचारा! एका डब्यामागे एक बाटली. बावीस वर्षांच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलंय. म्हणून एक डबा वहिनींच्या बादलीत ओतला आणि एक अख्खी बाटली त्यात रिकामी केली. डब्यात रेझिन पावच उरलं होतं, हे खरं. पण रजिस्टरात पाव डबा असा रकाना नाही!

ढवळतोय तोच बादली गरम लागायला लागली. मग तिच्यातून वाफ निघाली. मग धूर. मग आत काहीतरी तडतडायला लागलं आणि माझा ब्रश उभाच्या उभा थिजला. मी ओढला तर ब्रशाबरोबर बादली वर आली.

"आग! आग!" भिंतीवरून कंपाउंडर.

"आग नाही हो! ही रासायनिक क्रिया आहे!"

"क्रिया नंतर करा, आधी बाजूला व्हा!" असं ओरडून त्यांनी पाण्याची बादली माझ्या दिशेनं भिरकावली. धूर राहिला बाजूला, मी भिजलो, कापून ठेवलेली मॅट भिजली आणि घासून कोरडी केलेली होडी धुऊन निघाली. वहिनींच्या बादलीत एक पिवळा दगड तयार झाला होता. तो अजून आहे. दार उघडं राहावं म्हणून लावतो आम्ही.

पण मी हार मानणारा नव्हे! होडी पुसली, नवी मॅट कापली आणि सीलबंद डबा फोडला. वरच्या चिठ्ठीवर तारीख अगदी अलीकडची. ताजा माल! या वेळी हार्डनर बेतानं घातलं, थरावर थर दिले आणि लांब उभं राहून पाहिलं. सुंदर! एक वाजला. दोन वाजले. तीन वाजले. रेझिन काही वाळेना! बायकोनं केस वाळवायचं यंत्र आणलं, वहिनींनी इस्त्री तापवून वर धरली. वाऱ्यानं एक चादर दोरीवरून उडून थेट भोकावर जाऊन बसली आणि तिथलीच झाली.

"बघू," म्हणत दादानं चादर सोडवायला हात घातला आणि त्याचा हातही चिकटला. रॉकेल लावून लावून सोडवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला आणि नुसता आपल्या तळव्याकडे बघत राहिला. तेव्हा मात्र उद्या नऊ वाजता त्या जाड्याच्या होडीत आमची सगळी माणसं चढताना मला दिसायला लागली.

चार वाजता फाटक वाजलं. खांद्यावर पिशवी घेऊन मिस्त्री उभा! तो खाली बसला, चिकट भागावर बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि डबा उचलला. नखानं चिठ्ठी खरवडली. खाली दुसरी चिठ्ठी निघाली. ती खरवडली, तिच्याखाली तिसरी. तिन्हींवर तारखा वेगळ्या, अक्षर एकच. माझं.

त्याचं असं आहे, की दरवर्षी स्टोअरच्या तपासणीत मुदत संपलेले डबे सापडले की बोलणी स्टोअरकीपरला खावी लागतात. म्हणून मी नवी चिठ्ठी चिकटवायचो. फार डोकं लावून शोधलेली युक्ती होती! इतकी पक्की, की तीत मीच फसलो.

"तीन वर्षं, साहेब," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "तीन वर्षं आम्ही या डब्यांशी झगडतोय. माल वाळत नाही म्हणून सांगायला आलो की तुम्ही खिडकीतून म्हणायचात, माल चांगला आहे, तुम्हाला काम येत नाही. त्यापायी दोन माणसांना घरी बसवलं."

माझ्या अंगाची खाजसुद्धा थांबली.

मग काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पण तुला बोलावलं कुणी?"

"दादांनी. कालच. 'उद्या संध्याकाळी चारला ये, तोपर्यंत त्याचं करून झालेलं असेल,' म्हणाले."

मी दादाकडे पाहिलं. तो अजून तळव्यावरचं रेझिन काढत होता. "पोटाचा प्रश्न होता रे," तो म्हणाला. "आणि तुझंही मन मोडवेना."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"भाऊजी, मनावर घेऊ नका," वहिनी म्हणाल्या.

बायको म्हणाली, "अहो, बावीस वर्षांत तुमच्या एका शर्टावर डाग नाही. कपडे मी धुते."

मिस्त्रीनं माझं सगळं खरवडून काढलं. थिनरनं पुसलं, लहान तुकडा, मग मोठा, मग त्याहून मोठा असे मॅटचे थर दिले, रोलरनं हवा काढली. त्याचं रेझिन तासाभरात टणक झालं. मी शेजारी उभा राहून मॅटचे तुकडे त्याच्या हातात देत होतो. दोनदा त्यानं मागितलेला तुकडा मी संपला म्हणून सांगितलं. सवयीनं.

सोमवारी नऊच्या ठोक्याला तपासनीस आले. धक्क्यावर आम्ही घरचे सगळे होतो आणि नेहमीची माणसं आमच्यापासून चार हात लांब उभी होती. मिस्त्रीही होता, पण प्रवाशासारखा, बाजूला. बाहेरचं काम केलेलं कळलं तर त्याची नोकरी जाते.

साहेबांनी तळाला टकटक केलं, हात फिरवला, वाकून पाहिलं. "दुरुस्ती कोणी केली? अर्जावर नाव आणि सही लागते."

"माझ्या भावानं," दादा पटकन म्हणाला. "बावीस वर्षं होड्यांच्या कारखान्यात आहे तो."

माझंच वाक्य! जन्मभर मी ज्याला त्याला ऐकवलेलं. दादाच्या तोंडून ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सही केली.

"वा!" साहेब म्हणाले. "फार सफाईदार काम! असा हात बघायला मिळत नाही हल्ली."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

"आमच्या खात्याच्या चार होड्या गळतायत," साहेबांनी अर्जावर शिक्का मारत विचारलं. "तुम्ही याल का उद्यापासून?"

धक्क्यावर कुणी हलेना. मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगतो, 'येतो की!' हे शब्द जिभेवर आले होते.

"नाही जमणार, साहेब," मी म्हणालो. "मला ते काम येत नाही."

साहेब मोठ्यानं हसले. "एवढा विनय!" असं म्हणून त्यांनी दादाच्या हातात परवाना दिला आणि ते गेले. त्याच क्षणी माझ्या मागं कुणीतरी एवढ्या जोरात सुटकेचा श्वास सोडला, की होडीत चढणाऱ्या शिक्षिका वळून बघायला लागल्या. मला वाटलं, दादाच असणार. घरी आल्यावर बायको म्हणाली, एकट्या दादांचा नव्हता तो, आम्हा सगळ्यांचा होता.