तोंड बोनेटकडे

याकोबमामाकडे गाडीला एसी बसवायचा असेल, तर गाडीच्या मालकाला आधी पाइप व्हावं लागतं.

हे मी अलंकारिक बोलत नाही. गेल्या एप्रिलात, नेवासा फाट्याजवळच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, वय त्रेपन्न, वजन अठ्ठ्याऐंशी किलो, माझ्याच गाडीच्या उघड्या बोनेटसमोर उभा होतो. उजवा हात आभाळाकडे, डावा हात सरळ इंजिनाकडे. बारा मिनिटं. मान वळवायची परवानगी नव्हती, म्हणून वेळ आमच्या हिने मोजली.

"हलू नका भाऊसाहेब. पाइप हलतो का?" मामा म्हणाला.

"पाइपाला एवढं पोट असतं का पण?" ही मागून म्हणाली आणि तिने फोटो काढला. तो आता आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

कारण असं, की एसीच्या रबरी पाइपाच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची वाकडी तोंडं बसवतात. तोंडावर टोपी चढवायची आणि मशीनमध्ये धरून चहूबाजूंनी दाबायची. दाबल्यावर ते तोंड परत फिरत नाही. म्हणून एक तोंड वर आणि दुसरं इंजिनाकडे, हा कोन दाबायच्या आधीच ठरवावा लागतो. बाकीचे मेकॅनिक खडूने खूण करतात. मामाचा खडूवर विश्वास नाही, कागदावर तर मुळीच नाही.

"कागद उलटा धरला की कोन उलटा," तो म्हणतो. "मानूस काय उलटा धरता येतो व्हय?"

"एकदा दाबलं की दाबलं," हे त्याचं आवडतं वाक्य. चहात साखर जास्त पडली, दाबलं. मत भलत्याला गेलं, दाबलं. लग्न का केलं नाही, असं हिने विचारलं तेव्हाही तेच उत्तर आलं, फक्त सुरुवातीला "कशाला?" जोडून.

प्रत्यक्ष दाबताना तो पंखा बंद करतो, रेडिओ बंद करतो, श्वाससुद्धा बंद करतो. मशीनचा दांडा हाताने खाली-वर, खाली-वर. एकोणीस वेळा, मी मोजलं. शेवटी 'कट्' आवाज झाला की "दाबलंऽऽ!" अशी आरोळी ठोकतो. शेजारच्या रसवंतीतून लगेच "दाबलंऽऽ!" असं उत्तर येतं. रसवंतीवाला उसाचा चरक थांबवून उत्तर देतो, आणि गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून दचकतात.

मी हात खाली घेतले तेव्हा भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला एक पाइप दिसला. कोराकरकरीत, कधीच न वापरलेला.

"हा कोणाचा?"

"शम्याचा. शमुवेलचा. धाकटा भाऊ माजा."

नऊ वर्षं दोघे मिळून हे दुकान चालवत होते आणि त्या नऊ वर्षांत पाइप व्हायचं काम शमुवेलकडे होतं. मग एका जीपच्या वेळी तो बोनेटकडे पाठ करून उभा राहिला. मामाने मान वर न करता मापं घेतली आणि दाबलं. इंजिनाकडे जायचं तोंड रस्त्याकडे निघालं. तू चुकलास, तू चुकलास, असं करत त्याच संध्याकाळी शमुवेल शेतावरच्या घरी राहायला गेला. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही.

"तोंड बोनेटकडं करायचं, हे काय सांगावं लागतं व्हय?"

"पण मामा, त्या दिवशी सांगितलं होतं का तुम्ही?" हिने विचारलं.

मामा एकच पाना पुसत राहिला. "न्हाई," म्हणाला.

मग ट्रायल. मामाचा नियम कडक आहे: ट्रायल संपेपर्यंत कोणीही काच खाली करायची नाही. मी घरून थर्मामीटर आणला होता, तो एसीच्या जाळीत खोचला. निघताना अडतीस अंश. तिसऱ्या किलोमीटरला नऊ.

"झालं की, मामा. वळवू?"

"चला पुढं. पाइप अजून तापला न्हाई."

पाइप तापायला आठ पूर्णांक तीन किलोमीटर लागले. तिथे उसाच्या कडेला एक घर होतं, निळं फाटक होतं. "हिथं थांबवा. हॉर्न द्या. दोन."

"शमुवेलचं घर?" हिने हळूच विचारलं.

"समद्या गाड्यांची ट्रायल हितंच होते," मामा समोर बघत म्हणाला. "तो भाईर येतो, गाडी बघतो, आत जातो. मग आपन वळायचं."

बनियनवर टॉवेल टाकलेला एक माणूस बाहेर आला. त्याने गाडी बघितली. काचेआडचा मामा बघितला. पण आत गेला नाही. फाटक उघडून तो आमच्यासमोर आला, बंद बोनेटकडे नीट तोंड करून उभा राहिला, आणि उजवा हात वर, डावा हात पुढे केला.

ही हसली नाही. मीही नाही.

मामाने किती वेळ लावला ते मी मोजलं नाही. मग त्याच्या बाजूची काच खाली गेली.

"डावा हात सरळ कर रं, शम्या," तो म्हणाला.

शमुवेलने हात सरळ केला. उन्हाची झळ आत आली, काच तशीच खाली राहिली. जाळीत थर्मामीटर होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.