घाण्याचे तेल आणि माझे विमान

वाचकहो, त्या सकाळी मी विमान उडवणारच होतो! उंब्रजच्या आमच्या रानात, उसाच्या दोन फडांमधल्या पट्टीवर, मी स्वतः बांधलेले एकआसनी विमान उभे होते. आणि चारचौघांत पाणी मागतानाही अडखळणारा मी, साऱ्या भावकीसमोर वडिलांना छातीठोकपणे म्हणालो, "आबा, आज चाके जमीन सोडतील!"

"सोडली तर पट्टी तुजी," आबा म्हणाले. "न्हाईतर उसाची लागण. आकारामचा ट्रॅक्टर थांबलाय."

इंजिन गरजले. विमान मात्र जत्रेला ओढून नेलेल्या बोकडासारखे पाय रोवत चालले!

"ब्रेक सोड की रं, जयराज!" लालासाहेबकाका ओरडले. काका फौजेतले निवृत्त सुभेदार; आमच्या घरात भीती हा शब्द केवळ माझ्यासाठी राखून ठेवलेला.

"सोडलाय, काका!"

"मग पळंना का? पोरगं भ्यालं, गड्या!"

बांधावर जमलेली भावकी हसली. मी उतरलो. चाक तव्यासारखे तापले होते. ब्रेकच्या तेलाची डबी उघडली, तर आतून चकलीचा वास आला!

"ह्यात कुणी काय ओतले?"

"मीच की!" काका अभिमानाने म्हणाले. "खंडेनवमीला समद्या अवजारांची पूजा केली, तवा तुज्या इमानालाबी हळद-कुंकू लावलं. डबीत तेल कमी दिसलं. घाण्याचं हाय, चोख शेंगदाण्याचं!"

मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले, की त्या तेलाने आतली रबरी वायसरे फुगली आहेत. म्हणून दाबलेला ब्रेक सुटत नाही.

"तेल घातल्यावर चाक अडतंय व्हय रं?" आबा हळूच म्हणाले. "बैलगाडीपासनं बघतोय, असलं कवा ऐकलं न्हाई. भ्याला असशील तर तसं सांग, बाळा."

त्या 'बाळा'तली माया मला शिवीहून अधिक लागली.

मी पाना घेतला, ब्रेकमध्ये कोंडलेले तेल सोडायला चाकापाशी बोल्ट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक बोटाच्या स्पर्शाने फिरले! मग दुसरेही! त्या गिरक्यांत माझी सारी अबोल वर्षे मोकळी होत असल्यासारखे वाटले. बोल्ट आवळून मी म्हणालो, "आता ब्रेकला कुणी पाय लावू नका." पण इतक्या हळू, की ते फक्त चाकानेच ऐकले असावे.

काका तोवर आत चढले होते! "थांब, मी खात्री करतो," म्हणत त्यांनी फौजी पाय ब्रेकवर हाणला. दोन्ही चाके जाम! घाईघाईने पुन्हा पाना लावला, तर बोल्टचे डोकेच तुटून हाती आले.

"वढून काढू की!" आकाराम म्हणाला, आणि माझा 'नको' ओठांवर येईपर्यंत साखळी अडकलीसुद्धा. ट्रॅक्टर निघाला. चाके फिरली नाहीत. ओलसर मातीत रुतून, पट्टीच्या टोकापर्यंत दोन खोल रेघा ओढत गेली.

आबांनी वाकून खोली पाहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या विमानाकडे कौतुकाने पाहिले.

"पाच फुटी सऱ्या पडल्या की रं, सरळ! आकाराम, उसाचं बेणं आण. आन जयराज, तेवढं इमान परत फिरीव, उरलेली पट्टी राहिलीया."