डावीकडचा पट्टा

म्हादू शेलार गाडीत एकटा असला तरी दोन आवाजांत बोलतो. उतार आला की गाडी थांबवायची, खाली उतरून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, पुन्हा वर चढून ब्रेक दाबून धरायचा, दहा आकडे मोजायचे आणि मग जाड आवाजात विचारायचे, "ब्रेक टेस्ट?" शेजारी बसलेल्याने "ओक्के" म्हणायचे. शेजारी कोणी नसेल तर म्हादू स्वतःच बारीक आवाज काढून "ओक्के" म्हणतो, ठोकळा काढतो आणि निघतो. टाकव्याहून कामशेतला येताना उतार म्हणावेत असे चार. म्हादूच्या मोजणीत ते अकरा आहेत. बाजारात शिरताना रस्ता वीतभर खाली जातो, तोही त्याने धरला आहे.

हे खूळ रेल्वेतले. घाट उतरण्याआधी खंडाळ्याला गाड्या थांबवून ब्रेक तपासतात, त्या कामावर या माणसाची सगळी हयात गेली. नोकरी संपली, पण घाट काही डोक्यातून उतरला नाही. कोणी मुलीच्या सोयरिकीचे विचारो की विहीर कुठे खणावी ते, म्हादूचे उत्तर ठरलेले. "उतार बगून बोला." लोकांना वाटते यात फार खोल अर्थ आहे. मला विचाराल तर कसलाही नाही.

लोक त्याला म्हादूभाऊ म्हणतात. मी नुसता म्हादू म्हणतो. कारण त्याची ती गाडी मी विकलेली आहे.

मी कामशेतला भाताचा व्यापार करतो. सुरुवात पाठीवर पोती वाहून केली, आज माझी स्वतःची वखार आहे. सौदा करताना समोरच्याला घाम फुटलेला मी पुष्कळदा पाहिला आहे; माझा कोणी पाहिलेला नाही. लढाईच्या वेळची ही परदेशी पिकप मी लष्कराच्या लिलावात घेतली, तिच्यावर आठ-दहा पावसाळे काढले आणि थकली तेव्हा वखारीमागे उभी केली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या होत्या. म्हादू रेल्वेतून सुटला आणि तडक माझ्याकडे आला.

"शेठ, ती गाडी द्याची का?"

मी रिवाजाप्रमाणे दुप्पट भाव सांगितला. म्हणजे तो निम्म्यावर येईल, मी रागावेन, तो उठून जाईल, मी हाक मारीन, चहा येईल. पण हा गृहस्थ म्हणाला, "बरं हाय." आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला.

आठवडाभर मला अन्न गोड लागले नाही. जो माणूस पहिल्या बोलीला हो म्हणतो, त्याला आपण नक्की कमी सांगितले असणार.

पुढे खेड्यापाड्यांतला भात आणायला मला गाडी लागायचीच. मावळात त्या आडवाटांना यायला दुसरा कोणी तयार नव्हता, म्हणून मी म्हादूचीच भाड्याने सांगू लागलो. आठवड्यातून दोन दिवस त्याच्या डाव्या हाताला मी बसतो. बसतो म्हणजे बांधला जातो. ते कसे, ते सांगतो.

पहिल्याच वर्षी टाकव्याच्या उतारावर डावीकडचे दार आपोआप उघडले आणि मी रस्त्याकडेच्या निवडुंगात गेलो. लागले काही नाही. पण कामशेतला आल्यावर भर बाजारात मी म्हादूला जे बोललो, ते ऐकायला हॉटेलातली माणसे कपबशा घेऊन बाहेर आली होती. म्हादू दाराच्या कडीकडे बघत उभा राहिला. ती कडी तुटकीच होती, मी विकली तेव्हापासून. दोन्ही दारे मी तारेने बांधून दिली होती. पण घेताना बघणे हे घेणाऱ्याचे काम आहे, असे माझे मत होते.

त्या दिवसापासून म्हादूने गाडीला सुरक्षित करायचा सपाटा लावला. त्यातही त्याचा एक नेम. "कंपनीचं काडायचं न्हाई, आपलं जोडायचं." त्यामुळे गाडीत सगळे दोन-दोन झाले. कंपनीचा मिणमिणता दिवा तसाच, शेजारी नवा झगझगीत. कंपनीचा हँडब्रेक तसाच, शेजारी स्वतः जोडलेला दुसरा. मागे आगगाडीसारखा लाल कंदील टांगला.

"हा कशाला रे?"

"गाडी पुरी आली का न्हाई, मागच्याला कळाया नको?"

"म्हादू, तुझ्या गाडीला डबा एकच आहे."

"तोच राह्यला मागं तर?"

मला हे सगळे टोमणे वाटत. प्रत्येक नवा दिवा म्हणजे शेठने भंगार गळ्यात मारले याची जाहिरात. आणि सगळ्यावर कळस म्हणजे पट्टा. लोणावळ्याला कोणा साहेबाच्या मोटारीत त्याने पाहिला म्हणे. तसाच जाड कापडी पट्टा आणून गाडीच्या तळाला भोके पाडून पक्का केला आणि मला पोत्यासारखा आवळला. दाराला आतून ठसठशीत बोल्टही बसवला. कामशेतची पोरे गाडीमागे धावत ओरडायची, "शेठ पळून चाल्लं होतं, धरून आनलं." मी रोज शिव्या दिल्या. "ओक्के" तर मी एकदाही म्हटले नाही. तो बारीक आवाज काढून माझ्या वाटणीचे म्हणे.

असा माणूस माझ्या सौद्याच्या आड आला.

लोणावळ्याजवळ, भुशीच्या बाजूला मुंबईच्या एका धनिकाचा बंगला आहे. त्याला जुन्या गाड्यांचा नाद. मी त्याला सांगितले, लढाईपासूनची पिकप आहे, इंजिनापासून खिळ्यापर्यंत अस्सल. त्याने जो भाव काढला तो ऐकून मी खोकून वेळ काढला. दलाली माझी, बाकी म्हादूची. वर अट एकच, मागाहून जोडलेले सगळे उतरवायचे आणि त्याच दिवशी गाडी न्यायची. संध्याकाळी पाहुण्यांसमोर ती अस्सल रूपात फाटकातून आत गेली पाहिजे.

म्हादू तयार झाला. ठरल्या दिवशी तो मुंबईचा साहेब स्वतःच्या मोटारीने टाकव्याला म्हादूच्या दारात आला. त्याच्यासमोर म्हादूने नवा दिवा काढला, दुसरा हँडब्रेक काढला, कंदील काढून ओट्यावर ठेवला. मग थांबला.

साहेब म्हणाला, "पट्टा राहिला. तो बोल्टही."

"शेठ येनार न्हवं संगट?"

"येणार. कागद त्यांच्याकडे आहेत."

"मंग पट्टा बंगल्यावर काडू."

"पाहुण्यांसमोर पाना घेऊन बसायचं का? आत्ता काढ."

"वाटंत उतार हायती, साहेब."

मी मध्ये पडलो. "म्हादू, बसणारा मी आहे. मी बसतो तसाच."

"तुमी पडलावता येकदा."

"राखण करतोस का माझी? काढ."

"न्हाई."

साहेबाने घड्याळ पाहिले, स्वतःच्या मोटारीत बसला आणि धूळ उडवत गेला. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा त्या धुळीत दिसेनासा झाला.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. बोलता बोलता गाडीत चढलो आणि तो पट्टा उपटायला हिसका दिला. तेव्हा पट्ट्यातली बकलासाठीची भोके दिसली. पाच होती. पहिले आतल्या बाजूला, मग एकेक बोट बाहेर. वर्षाला एक. माझे पोट सुटत गेले तसे म्हादू दाभणाने नवे भोक पाडत गेला होता. भोकांच्या कडा त्याने दोऱ्याने शिवल्या होत्या, सदऱ्याला काजे करतात तशा.

"आणि तुझा पट्टा कुठाय?" असे विचारायला मी उजवीकडे पाहिले. तिकडे काहीच नव्हते. पट्टा नाही, बोल्ट नाही. त्याचे दार अजून मी बांधलेल्या तारेनेच बांधलेले होते. गाठही माझीच.

"हे का नाही केलंस?"

म्हादू ओट्यावरचा कंदील पुसत होता. "माजं काय. मी पडलो तर गाडी हुबी ऱ्हाईल. तुमी पडला तर शेजारी कोन बसंल?"

मी पायीच कामशेतला आलो. राग अजून गेलेला नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात ताडपत्रीवाल्याकडून तसाच एक पट्टा घेतला, एक बोल्टही. त्याने जो भाव सांगितला तो दिला. तो बिचारा घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दोन्ही वस्तू मी गाडीतल्या म्हादूच्या बाकावर टाकल्या.

त्याने पट्टा कमरेला लावून पाहिला. माणूस मुळात काडीसारखा. "लय लांब हाय, शेठ. दोनदा गुंडाळावा लागंल."

"मग दोनदा गुंडाळ. आणि उतार बघून बोल."

टाकव्याच्या उतारावर त्याने गाडी थांबवली, ठोकळा लावला, वर चढून दहा आकडे मोजले. "ब्रेक टेस्ट?"

बारीक आवाज काढायला त्याने तोंड उघडलेही होते.

"ओक्के," मी म्हणालो. "चल आता, बाजार उठायच्या आत पोहोचव."