दुपंखी विमानाची कार्योत्तर मंजुरी

आक्कांची तक्रार एकच होती आणि साधी होती. त्यांच्या यजमानांनी सात महिन्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर विमान बांधायला घेतलं होतं आणि ते बांधत नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी यजमानांना एक खोकं दिलं. वर जुन्या काळच्या, उडायला शिकवायच्या दुपंखी विमानाचं चित्र; आत दोनशे चौदा सुटे भाग, गोंदाची बाटली आणि बत्तीस आकृत्यांचा कागद. परवाना विभागात चौतीस वर्षं लोकांना जमिनीवर थांबवून ठेवलेल्या माणसाला विमान द्यावं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कागदावर पहिलीच सूचना होती: गोंद लावण्यापूर्वी भाग कोरडे जुळवून पाहावेत, गोंद लावल्यानंतर दुरुस्ती शक्य नाही. यजमानांनी तिच्याखाली लाल रेघ ओढली. मग ते रोज सकाळी विमान कोरडं जुळवत, बघत, सुटं करत, कडा घासत आणि वहीत बरोबरची खूण करून झाकून ठेवत. गोंदाची बाटली जशीच्या तशी. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही कागदावर शेवटची सही केली नव्हती. शेरा मारायचा आणि वर पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. आता वर कुणी नव्हतं. वर फक्त पंखा होता.

घरातली पाच माणसं स्वयंपाकघरात ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. टेबलाच्या टोकाची खुर्ची आक्कांची. त्या खुर्चीवरून त्यांनी दोन लग्नं जमवली होती आणि एक वेळेवर मोडलं होतं. आता तिच्यावर विमानाची शेपटी सुकत ठेवली होती. ओली कधी झाली होती, हे विचारायची सोय नव्हती.

तशात भाग क्रमांक सत्तावीस हरवला. मागच्या सीटवरचा, विमान वळवायचा दांडा, तांदळाच्या दाण्याएवढा. यजमानांनी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिवही तेच, आणि सदस्य म्हणून शेजारचे निवृत्त मोजणीदार, ज्यांनी टेबलाभोवतीची फरशी टेपने मोजून दिली. घरातला केर बाहेर टाकायला बंदी आली. रोजचा केर तारीख घालून पिशवीत राहू लागला. पाचव्या दिवशी पंचनामा झाला, सह्या झाल्या, भाग हरवल्याचं जाहीर झालं.

सहाव्या दिवशी तो आक्कांना केरसुणीत सापडला. त्यांनी तो नेऊन यजमानांच्या तळहातावर ठेवला.

यजमानांनी भिंग लावून पाहिलं. "हा सत्तावीस नंबर असू शकत नाही. तो हरवल्याची नोंद झालीय."

"मग हे काय आहे?"

"तत्सम वस्तू."

आक्कांनी तत्सम वस्तू चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.

मग लेकीचा फोन आला. चार वर्षांनी ती नवरा आणि दोन मुलं घेऊन रविवारी येत होती. आक्कांनी जाहीर केलं की नऊ माणसं टेबलावर जेवतील आणि लेक मांडीवर ताट घेणार नाही. यजमानांनी विनंतीची नोंद घेतली. पण विमान पूर्ण झाल्याशिवाय टेबल रिकामं होत नाही, सत्तावीस मिळाल्याशिवाय विमान पूर्ण होत नाही, आणि सत्तावीस तर हरवलेला. हा पेच सोडवायला शनिवारी सकाळी मोजणीदारांच्या घरी बैठक ठरली.

यजमान चप्पल घालून बाहेर पडले आणि आक्का त्यांच्या खुर्चीत बसल्या.

"सूनबाई, ती बाटली उघड."

आक्कांची शाळा दुसरीतच सुटलेली; पण आकृत्यांना कुठे वाचावं लागतं? झबलं शिवणाऱ्या बाईला बाही कुठे बसते ते कळतं, पंख कुठे बसतो तेही कळतं. भाग असे बसत गेले की त्या चकित झाल्या. सात महिन्यांच्या घासण्याने एकेक कड लोण्यासारखी झाली होती. माणसाचा हात सफाईदार आहे, त्यांनी मनात कबूल केलं. शेवटच्या क्षणी नुसता थबकतो. वरचा पंख सुकेपर्यंत खाली उपड्या वाट्या लावल्या, बाजूने कपड्यांचे चिमटे. पंखांच्या मधल्या तारांसाठी करडा दोरा ओवला. सून कागद वाचून सांगत होती, की पुढे मास्तर, मागे शिकाऊ, दोघांपुढे एकेक दांडा, आणि दोन्ही खालून जोडलेले. एक हलवला की दुसरा आपोआप हलतो. आक्कांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग डबी उघडून तत्सम वस्तू मागच्या सीटवर चिकटवली.

यजमान संध्याकाळी ठराव घेऊन परतले तेव्हा टेबल पुसलेलं होतं, नऊ ताटं मोजून ठेवली होती आणि विमान कपाटावर उभं होतं. त्यांनी हळूच एक बोट पंखाला लावलं. पंख हलला नाही. मग भिंग आलं आणि अर्धा तास तपासणी चालली. दोष एकच निघाला.

"मागचा दांडा जरा तिरका आहे. हा सत्तावीस नंबर?"

"तत्सम वस्तू," आक्का म्हणाल्या.

यजमानांनी वही काढली, चार ओळी लिहिल्या, थांबले, पंख्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. आयुष्यातली पहिली शेवटची सही. आक्कांनी सुनेला वाचायला लावलं.

"सदर काम विनापरवाना झाले आहे. तथापि ते पूर्ण झाले असल्याने त्यास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे," यजमान चष्मा पुसत म्हणाले, "न विचारता केलेल्या कामाला, ते झाल्यावर हो म्हणायचं."

आक्का आपल्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि निकाल दिला.

"अहो, मग यात नवीन काय लिहिलंत? बेचाळीस वर्षं हे घर त्याच्यावरच चाललंय. आणि ज्याचं घर दुसऱ्या कशावर चालतं त्याला आणा माझ्यासमोर. त्याला मी या विमानात मागच्या सीटवर बसवते आणि दांडा हातात देते. वाटू दे त्याला, तोच उडवतोय."