चौथा आक्षेप

लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा ऑडिटसाहेबांनी चहाच्याही आधी त्याच्यापुढे बंद पडलेला छोटा ॲम्प्लिफायर ठेवला. मुलगा अशीच यंत्रं दुरुस्त करायचा. मग होकार द्यायचा की नकार, हे ठरवायला याहून सरळ पेपर कोणता? साहेबांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही.

ॲम्प्लिफायर बायकोचा. ती त्यावर गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. आठवडाभर बिचारी नुसत्या गळ्यावर शिकवत होती, कारण साहेबांनी तिला सांगितलं होतं, "तुझी वरची पट्टी त्याला झेपली नाही."

"काका, आधी कुणी उघडला होता का हा?"

"छे! आपोआप बंद पडला," साहेब पंख्याकडे बघत म्हणाले.

मुलाने झाकण काढलं, पण प्लग सरळ भिंतीत घातला नाही. पिशवीतून जुना, तारेचा बल्ब काढून मध्ये जोडला.

"आमच्या विजेवर भरवसा नाही वाटतं?" साहेबांनी विचारलं. आक्षेप पहिला.

"आत शॉर्ट असेल तर सगळा भार बल्ब घेतो, काका. यंत्र वाचतं."

बल्ब भगभगून पेटला. मुलाने डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने मीटरची टोकं लावायला लागला. होणाऱ्या सासऱ्यापुढे खिशात हात! आक्षेप दुसरा.

"अहो बाबा, दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो," लेक म्हणाली.

मग त्याने प्लग काढला आणि मीटरकडे बघत स्वस्थ बसला.

"झोप लागली का रे?" तिसरा.

"आत साठलेला करंट उतरू देतोय. शून्य आल्याशिवाय हात घालायचा नाही." तो स्वतःशीच पुटपुटला, "पण एवढा शॉर्ट, आणि फ्यूज शाबूत कसा?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला.

शून्य आल्यावर मुलाने फ्यूज उपसला. त्यावर चांदीचा कागद घट्ट गुंडाळलेला होता. कागदावर ब्लडप्रेशरच्या गोळीचं अर्धं नाव. त्या घरात ती गोळी एकच माणूस घ्यायचा.

मुलाने कागद पाहिला. साहेबांनी मुलाला पाहिलं. कागद मुठीत चुरगळून मुलगा म्हणाला, "काकू, फ्यूज जुना झाला होता. आणि एक डायोड गेलाय. बदलतो."

अर्ध्या तासात नवा डायोड, नवा फ्यूज बसला. या खेपेला बल्ब क्षणभर लुकलुकून मंदावला. मग बल्ब काढून प्लग भिंतीत गेला आणि बायकोचा आवाज आठवड्याने खोलीभर पसरला. तिने डोळे पुसत मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

साहेबांनी खूश व्हायला हवं होतं. पण डोळ्यांदेखत खोटी नोंद होत होती, आणि तीही त्यांच्या सोयीची. राहवेना.

"थांबा. फ्यूज उडाला होता, त्याला चांदी मी गुंडाळली. माझ्या गोळीच्या पाकिटाची. जळका वास आला तसा बंद केला."

"आणि माझी वरची पट्टी?" बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आठवडाभर मी खालच्या पट्टीत गातेय!"

"ती... ती उत्तम आहे."

"काकू, रागावू नका," मुलगा म्हणाला. "वास येताच बंद केलं, म्हणून घर वाचलं. आणि काका, अकरा वर्षं दुरुस्ती करतोय. सगळ्यांचं आपोआपच बंद पडतं. 'मी केलं' म्हणणारे तुम्ही पहिले. खरंच, बरं वाटलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता, तरी बराच वेळ पुसला.

"अगं," ते शेवटी बायकोला म्हणाले, "याच्या आईवडिलांना सवड कधी आहे ते विचार. आपण जाऊन भेटू. आणि मुलगी त्यांना आवडेलच, पण माझं हे फ्यूजचं काय ते आधीच सांगून टाक. तरी पसंत पडलो, तर नशीब."