अकरा सेकंदांचा अधिकृत अर्थ

अजरामर गाण्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतो, आणि तोही रीतसर अर्ज केल्यावर. म्हणूनच त्या गाजलेल्या रॉक गाण्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा त्याच्यासाठी अर्थनिश्चिती समिती नेमली गेली, हे फार उत्तम झालं. समितीत सात सभासद होते. त्यांपैकी चौघांनी गाणं ऐकलं होतं (उरलेले तिघे निःपक्षपाती होते).

गाणं लिहिलं होतं ड्रमरने. गिटारवर त्याचा थोरला भाऊ होता. रेकॉर्डिंगच्या वेळी भाऊ त्रेचाळिसाव्यांदा चुकला तेव्हा ड्रमर सगळ्यांदेखत ओरडला, "दादा, तुझ्यापेक्षा भिंत बरी वाजते!" दादाने गिटार पेटीत घातली आणि बूट घालायला बसला. नाड्या बांधायला त्याला चांगली पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कोणीही "थांब" म्हणालं नाही, ड्रमरही नाही. दादा गेला तो गेलाच. मग ड्रमरने जिन्यात बसून सगळे शब्द बदलले: तुझी खुर्ची तशीच आहे, ये. मधले अकरा सेकंद दादाच्या गिटारचे होते. तिथे त्याने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ते रिकामेच राहिले.

समितीने निकाल दिला, की खुर्ची म्हणजे सत्ता (पाच विरुद्ध दोन). अकरा सेकंदांची शांतता म्हणजे आधुनिक माणसाचं तुटलेपण. एका सभासदाने टेप खराब असल्याचं मत नोंदवलं.

अहवाल छापून आला तसा ड्रमर तडक समितीच्या कार्यालयात गेला.

"अहो, मी भावाची माफी मागितलीय त्यात!"

"पुरावा?" कारकुनाने विचारलं.

"मीच लिहिलंय की!"

"तीच तर अडचण आहे, काका. तुमचा हितसंबंध आला ना." भावाचं लेखी पत्र आणल्यास परिशिष्टात (बारीक टाइपात) विचार होईल, असं त्याने आपुलकीने सांगितलं.

चाळीस वर्षांत ड्रमरने भावाला फोन केला नव्हता. गाण्यात सगळं सांगून झालंय, अशी त्याची समजूत होती. आज त्याने केला.

"वाचला मी अहवाल," दादा म्हणाला. "छान लिहिलाय. मी वेडा, इतकी वर्षं समजत होतो, की ते माझ्यासाठी आहे."

"दादा, अरे, तुझ्यासाठीच—"

"राहू दे. सात शिकलेली माणसं काय खोटं बोलतील?" दादाने फोन ठेवला.

इथवर आलेल्या सुजाण वाचकाने दादा हे नेमकं कशाचं प्रतीक आहे, याचा विचार एव्हाना सुरू केलाच असेल. त्याने जरूर कळवावं. समितीतल्या दोन जागा नुकत्याच रिकाम्या झाल्या आहेत.