बोलका गालिचा

माझी दाढ दुखली नसती तर आमच्या हॉलवर ही वेळ आली नसती. दातांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर अकरावा होता आणि वाचायला मासिक एकच होतं. त्यात लिहिलं होतं, की जाणकार माणसं आधी गालिचा निवडतात आणि मग त्याच्याभोवती खोली सजवतात. गालिचा कसा हवा? तर बोलका. पाहुणा आला की आधी गालिच्याने त्याच्याशी बोललं पाहिजे, मग घरच्यांनी. मी तो लेख तीनदा वाचला. (नंबर अकरावा होता.) आत जाऊन आ वासेपर्यंत माझा निर्णय पक्का झाला होता.

"रविवारी दोघं जाऊन बघू," बायको म्हणाली.

पण माझा स्वभाव आडवा आला. मी ऑफिसात तपासणी विभागात आहे. आलेला प्रत्येक कागद पुढून-मागून बघायचा आणि त्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचा, हे काम मी एकवीस वर्षं करतोय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा एक समज आहे. (माझाच. ऑफिसचं मत मी कधी विचारलं नाही.) तेव्हा गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी परस्पर दुकान गाठलं.

गालिच्यांच्या गुंडाळ्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या होत्या. कोपऱ्यातली एक बघताक्षणी मनात भरली. राखी रंग, त्यावर पुसट, अगदी पुसट रेघा.

"उलगडून दाखवतो ना," दुकानदार म्हणाला.

"काही गरज नाही. मला वरून बघून कळतं. अगदी हाच रंग हवा होता."

तो जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आदराने.

घरी गुंडाळी सोडली तेव्हा आतून काहीतरी लालभडक डोकावलं.

"अहो, हे काय?"

"अस्तर," मी म्हणालो. "भारी गालिच्याला असतं अस्तर." आणि मी मला आवडलेली बाजू वर करून गालिचा अंथरला.

"मला तर अस्तरच जास्त आवडलं," बायको पुटपुटली.

बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसून हे सगळं बघत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "काय रे, बोलतोय का काही?"

"हळू बोलतो, बाबा. सौम्य आहे."

मग मी खोली सजवायला घेतली. पिवळ्या भिंती गालिच्याशी भांडत होत्या, म्हणून त्या राखी केल्या. मग सोफा भांडायला लागला, त्याला राखी कव्हर घातलं. पडद्यांचं कापड मी स्वतः मोजून आणलं. ते इतकं उरलं, की बायकोने त्यातून माझ्यासाठी सहा रुमाल शिवले आणि एक शब्द न बोलता माझ्या कपाटात ठेवले. (ती बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.) शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या, त्या दारातच थबकल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई! कधी झालं?"

आता खोलीत न शोभणारी एकच गोष्ट उरली. बाबांची आरामखुर्ची. तिचं कापड लाल-निळ्या पट्ट्यांचं. आईने निवडलेलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली, पण बाबांनी ते कापड बदलू दिलं नव्हतं. मी दोन दिवस विषय कसा काढावा ते ठरवत होतो. तिसऱ्या दिवशी बाबांनीच खुर्ची उचलली आणि पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी नेऊन ठेवली.

"तिथे उजेड नाही हो, बाबा," बायको म्हणाली.

"असू दे. मला काय वाचायचंय आता?" बाबा म्हणाले. अहो, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस! मला वाईट वाटलं. पण कबूल करतो, त्याच क्षणी मी हॉलकडे बघून 'आता कसं एकसंध दिसतंय' असंही मनात म्हणालो.

रोज संध्याकाळी बाबांकडे लाँड्रीवाले काका बुद्धिबळ खेळायला यायचे. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांनी चाळीस वर्षं चालवली, आता मुलगा बघतो. काकांना खेळताना हातवारे करायची सवय, आणि हातात चहा. मी अगदी गोड शब्दांत सुचवलं, की चहा स्वयंपाकघरात घेऊन मग हॉलमध्ये बसावं. काका "बरं बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पट कपाटावर गेला. हॉल आता मासिकातल्या फोटोसारखा दिसत होता, म्हणजे त्यात माणूस नव्हता.

आणि मग एका सकाळी बाबा म्हणाले, "मी ताईकडे जाऊन येतो."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नऊ तासांच्या प्रवासावर राहते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू. ती म्हणते, इथेच राहा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. दुकानदाराने बघितलं होतं तसंच, पण या वेळी मला आदर वगैरे वाटला नाही. दोन दिवस मी "बाबा, तसं नाही" एवढंच म्हणत घरभर फिरलो. त्यांची बॅग भरली गेली. तिच्यात आईचा फोटो ठेवलेला मी पाहिला. चार दिवसांसाठी कोणी भिंतीवरचा फोटो नेत नाही, एवढं तपासणी विभागातल्या माणसालाही कळतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लाँड्रीवाले काका निरोप घ्यायला आले. गालिच्याच्या काठाशी येऊन थांबले.

"या ना काका, आत या," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "चहा इथेच घ्या. सांडला तरी चालेल!"

काका पुढे आले नाहीत. ते वाकले, गालिच्याची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्यांनी चोळून पाहिली आणि मग कोपरा उलटा केला.

"काय रे, हा पालथा का घातलाय?"

"पालथा नाही काका. खाली अस्तर आहे."

"अस्तर?" काका बाबांकडे बघून म्हणाले. "चाळीस वर्षं गालिचे धुतले मी. अस्तर लागायला हा काय कोट आहे? ही पाठ आहे, पाठ! तोंड जमिनीकडे करून ठेवलंय बिचाऱ्याचं."

बायकोने पदर तोंडावर दाबला.

मग सोफा उचलला, टेबल हलवलं आणि आम्ही चौघांनी चार कोपरे धरून गालिचा उलटला. काय सांगू! डाळिंबी लाल रंग, त्यावर निळे वेल आणि मधोमध दोन पक्षी. दोन महिने ते फरशी बघत पडले होते. त्या राखी भिंती, राखी सोफा, राखी पडदे, सगळं एकदम ओशाळलं. एकही वस्तू त्याला शोभेना.

"बोलला एकदाचा," बाबा म्हणाले.

बायको पॅसेजमध्ये गेली आणि आरामखुर्ची ओढत घेऊन आली. खिडकीशी, गालिच्याच्या कडेला, जुन्या जागी ठेवली. लाल-निळे पट्टे आणि लाल-निळे वेल! जणू मापं देऊन बनवून घेतले होते. बाबा सावकाश बसले आणि खुर्चीच्या हातांवरचं कापड नीट करत म्हणाले, "तिला रंगातलं कळायचं."

काकांनी कपाटावरचा पट स्वतःच काढला आणि कपबशी सरळ गालिच्यावर ठेवली. मीच त्यात चहा ओतला.

पहिल्या डावाच्या मध्येच बाबांनी ताईला फोन लावला.

"अगं, येत नाही मी. बॅग रिकामी करायला सांगितली सूनबाईला... नाही गं, बरा आहे. माझं काही नाही, ह्याची काळजी वाटते. ह्याला एकटं सोडवत नाही. कुठली बाजू वर आणि कुठली खाली हे सांगायला घरात कोणीतरी हवं ना. ती बिचारी एकटी कुठंकुठं बघणार?"

काका इतके हसले की घोडा पटावरून पडला. मला मात्र भरून आलं. बाबा जाणार नव्हते. बाकी माझ्याबद्दल त्यांनी काहीही म्हणावं, माझी तक्रार नव्हती. डोळे पुसायला मी खिशातला रुमाल काढला. राखी होता.

पडद्याच्या कापडाने पाणी टिपलं जात नाही, फक्त गालभर पसरतं, हे मला तेव्हा समजलं. ते कापडही मीच तपासून आणलं होतं.